नाडीवरचे बोट : निदान न झालेल्या हृदयविकाराच्या भीतीसह कसे राहावे?

सांजवात (मूळ लेखन)

गेल्या आठ महिन्यांपासून मी एका अशा आजाराच्या धास्तीत राहते आहे, ज्याला अजून नाव मिळालेले नाही आणि जो खरोखर आहे की नाही हेही मला कोणी ठामपणे सांगितलेले नाही. एका रात्री वाचत पडले असताना हृदयाचा ठोका चुकल्यासारखा वाटला, क्षणभर सगळे थांबले आणि मग छातीवर आतून मूठ मारावी तसा एक जोरदार ठोका पडला. एवढेच घडले. दुखले नाही, घाम सुटला नाही, चक्कर आली नाही. तरीही त्या रात्री उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर गेली, ती अजून तिथून पुरती उठलेली नाहीत.

आजवर तीन ईसीजी, एक इको (हृदयाची सोनोग्राफी), एक ट्रेडमिल चाचणी, २४ तासांचा होल्टर (ठोक्यांची सलग नोंद घेणारे, अंगावर लावायचे यंत्र) आणि थायरॉइड व हिमोग्लोबिनसह रक्ताच्या तपासण्या झाल्या आहेत. निष्कर्ष सगळीकडे ‘नॉर्मल’ असाच आहे. पण ईसीजीच्या कागदावर यंत्राने वरच्या कोपऱ्यात ‘सायनस अऱ्हिदमिया’ असे छापले होते आणि इकोच्या अहवालात ‘ट्रिव्हियल टीआर’ असे दोन शब्द होते. डॉक्टरांनी त्यांवर नजर टाकून कागद परत दिला. मी मात्र ते शब्द घरी आणून रात्रभर त्यांचे अर्थ शोधत बसले. होल्टर लावला त्या दिवशी तो ठोका एकदाही आला नाही. चोरासाठी पहारा बसवावा आणि नेमका त्याच रात्री चोर फिरकू नये, तसे झाले.

माझे मोठे काका ५२व्या वर्षी झोपेत गेले. कारण कधीच कळले नाही.

अहवाल चांगला आला की सुटल्यासारखे वाटते, पण ते सुटणे दर वेळी आखूड होत चालले आहे. पहिल्या ईसीजीनंतर तीन आठवडे बरे गेले, इकोनंतर एक आठवडा गेला, आणि शेवटच्या ईसीजीनंतर दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मनात पुढचा प्रश्न तयार होता. जवळची माणसे ‘हे मनाचे खेळ आहेत’ म्हणतात. असतीलही, पण त्या वाक्याने माझी एकही रात्र सोपी झालेली नाही. ‘काही नाही’ आणि ‘काहीतरी आहे’ यांच्या मधल्या जागेत ज्यांना राहावे लागले, त्यांनी ते दिवस कसे काढले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

रानवाट

ताई, सुटकेची भावना दर वेळी आखूड होत जाते, हे तुमचे वाक्य मी तीनदा वाचले. माझेही तसेच झाले होते, आणि ते मला कोणाला सांगता आले नव्हते. शेवटी शेवटी अहवाल हातात घेताना मी आनंदाची वाट पाहत नसे. मला फक्त पुढची शंका यायला किती वेळ लागतो ते पाहायचे असे. सविस्तर नंतर लिहितो.

पायवाट

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. इथे बसून कोणाचेही निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, परंतु ज्या शब्दांनी तुमची झोप नेली त्यांचे अर्थ तरी नीट सांगायला हवेत असे मला वाटते. ते तुम्हाला अहवाल देतानाच सांगायला हवे होते. दोन मिनिटांचे काम असते.

श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते. हा फरक ईसीजीत दिसला की यंत्र ‘सायनस अऱ्हिदमिया’ असे छापते. तरुण आणि निरोगी माणसांत तो सर्रास दिसतो. ‘ट्रिव्हियल टीआर’ म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून अगदी नगण्य रक्त मागे येणे; निर्दोष हृदयांच्या इकोमध्येही हा शेरा नेहमी आढळतो. तंत्रज्ञाला जे दिसले ते त्याने प्रामाणिकपणे नोंदवले, इतकाच त्याचा अर्थ आहे.

तुम्ही वर्णन केलेला ठोका हा बहुतेक वेळा एक आगाऊ ठोका असतो. आम्ही त्याला एक्टोपिक म्हणतो. हृदय पुरेसे भरण्याआधीच तो पडतो, म्हणून तो दुबळा असतो आणि हाताला लागतही नाही. त्यानंतर किंचित लांब विराम येतो, त्या विरामात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात पडतो. माणसाला विराम आणि हा जोरदार ठोका एवढेच जाणवते, म्हणून त्याला वाटते की हृदय थांबले होते. खरे तर तिथे एक ठोका जास्तीचा पडलेला असतो. मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके होतात, आणि निरोगी माणसांना २४ तासांचा होल्टर लावला तरी त्यांतील बहुतेकांत असे थोडेफार आगाऊ ठोके सापडतात. ते फार मोठ्या संख्येने असतील, किंवा हृदयाच्या रचनेतच दोष असेल, तर गोष्ट वेगळी ठरते. इको करण्याचे एक कारण तेच असते.

आता तुमच्या ‘पहाऱ्या’विषयी. साधा ईसीजी दहा सेकंदांचा असतो, म्हणजे त्यात जेमतेम बारा ठोके मावतात. आठवड्यातून एकदा येणारा ठोका पकडायला २४ तासांचा होल्टरही अपुरा आहे. त्यामुळे तक्रार किती दिवसांनी येते, त्यावरून नोंदीचा कालावधी ठरवावा लागतो. १४ दिवस छातीवर चिकटवून ठेवायच्या पट्ट्या आता मिळतात. चौथा ईसीजी काढण्यापेक्षा अशी एक नोंद विचारणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

काकांचा उल्लेख डॉक्टरांकडे अवश्य करावा. हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास पाहताना आम्ही आधी आई, वडील, भावंडे आणि अपत्ये यांच्याविषयी विचारतो, आणि पुरुषाला ५५ वर्षांच्या व स्त्रीला ६५ वर्षांच्या आत विकार झाला असेल तर त्याला विशेष महत्त्व देतो. काका त्या पहिल्या फळीत येत नाहीत. तरीही कारण न कळलेला अचानक मृत्यू ही नोंद फाइलमध्ये असलीच पाहिजे.

उंबरठा

मला थोडे वेगळे सांगायचे आहे, कारण माझ्या बाबतीत खरोखरच काहीतरी होते आणि ते सापडायला सहा वर्षे लागली. या धाग्यावर ‘सगळे मनाचेच असते’ असा सूर लागू नये, म्हणून लिहिते आहे.

मला छातीत अचानक धडधड सुरू व्हायची. अचानक म्हणजे दिव्याचे बटण दाबावे तशी. एका ठोक्याला ८० आणि पुढच्याच ठोक्याला १८० अशी. दहा-वीस मिनिटे चालायची आणि तशीच एका क्षणात थांबायची. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे शांत झालेले असायचे, ईसीजी निर्दोष यायचा, आणि माझ्या चेहऱ्यावरची भीती पाहून ‘टेन्शन घेऊ नका’ हे ऐकावे लागायचे. माझ्या कागदांवर सहा वर्षे ‘अँग्झायटी’ हाच शब्द राहिला. शेवटी एका डॉक्टरांनी मी काय सांगते आहे ते मधे न तोडता ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, ‘सुरू कशी होते आणि थांबते कशी?’ माझे उत्तर ऐकून त्यांनी धडधड चालू असतानाची नोंद मिळवायचीच असे ठरवले. ती मिळाली तेव्हा कळले की हृदयात विजेची एक जादा वाट आहे आणि लहर तिच्यातून गोल फिरत राहते. या प्रकाराला एसव्हीटी म्हणतात. मांडीतील रक्तवाहिनीतून तार घालून ती वाट जाळून बंद केली. त्याला अॅब्लेशन म्हणतात, आणि या प्रकारात ते बहुतेक वेळा यशस्वी होते.

म्हणून सांगते, ताई, डॉक्टरांकडे जाताना भीतीचे वर्णन घेऊन जाऊ नका, घटनेचे वर्णन घेऊन जा. किती वेळ चालले, सुरुवात एकदम झाली की हळूहळू, चालताना झाले की बसल्या जागी, शुद्ध हरपली का, एवढे एका कागदावर लिहून न्यावे. मी पहिली सहा वर्षे ‘मला फार भीती वाटते’ या वाक्याने सुरुवात करत होते, आणि समोरच्याने त्याच वाक्यावर उपचार केले.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. अॅब्लेशननंतर धडधड गेली, पण भीती गेली नाही. निदान झाले की भीती आपोआप निघून जाईल असे मी सहा वर्षे धरून चालले होते. प्रत्यक्षात ती आणखी दीड वर्ष माझ्याजवळ राहिली आणि तिच्यासाठी मला स्वतंत्र मदत घ्यावी लागली. आजार आणि आजाराची भीती ही दोन वेगळी खाती आहेत. एकातील शिल्लक शून्य झाली म्हणून दुसऱ्यातील होत नाही. दोन्ही उघडून पाहावी लागतात.

गवतफूल

मनगटावरच्या घड्याळाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. मला ते काळजीपोटीच भेट मिळाले होते. एका रविवारी मी दिवसभरात नाडीचा आकडा किती वेळा पाहतो ते कागदावर रेघा ओढून मोजले. रात्रीपर्यंत ६३ रेघा झाल्या. त्यांपैकी एकाही वेळी मला ‘बरे झाले पाहिले’ असे वाटले नव्हते. आकडा ७२ असला तर ‘आता वाढेल’ असे वाटे, आणि ९४ असला तर तो पाहिल्यामुळेच १०२ होत असे.

या घड्याळांची योग्यता मी नाकारत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅपल हार्ट स्टडीत चार लाखांहून अधिक माणसे सहभागी झाली होती आणि त्यांतील सुमारे अर्ध्या टक्क्यालाच अनियमित नाडीची सूचना आली. सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर पट्टी लावून नोंद परत पाठवली, त्यांतील ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय, आढळले. वृद्ध माणसाला किंवा ज्याला त्या विकाराचा धोका अधिक आहे त्याला याचा उपयोग होईल. परंतु घड्याळाचा ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, हे ते बनवणारेच स्पष्ट सांगतात, आणि मी नेमका त्या झटक्यासाठीच रात्री तीन वाजता ईसीजी काढत होतो. जे त्या यंत्राला दिसतच नाही, त्याची खात्री मी त्याच्याकडे मागत होतो.

आता घड्याळ वेळ पाहण्यापुरते ठेवले आहे. नाडीचा आकडा पडद्यावरून काढून टाकला. पहिले चार दिवस अतिशय कठीण गेले.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. पायवाट सरांचे स्पष्टीकरण मी वहीत उतरवून घेतले आहे. उंबरठाताई, तुमची ‘दोन खाती’ मला फार लागली; मी आठ महिने एकाच खात्यात दोन्ही हिशेब लिहीत होते.

आता माझी खरी अडचण विचारते. दिवसा हे सगळे पटते. रात्री दोन वाजता तो ठोका येतो, पाठोपाठ धडधड वाढते, हाताच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आणि त्या क्षणी वाचलेले एकही वाक्य उपयोगी पडत नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत नेमके काय करायचे?

रानवाट

नंतर लिहीन म्हणालो होतो, ते आता लिहितो. हेच माझे पाच वर्षांपूर्वीचे दुखणे होते आणि मी त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाच महिने जात होतो. बोधवर्तन उपचार म्हणतात तो हाच.

आधी यंत्रणा समजून घ्यावी. ठोका येतो, मन ‘धोका’ म्हणते, शरीर अॅड्रेनालिन सोडते, आणि अॅड्रेनालिन हृदयाची गती वाढवते. वाढलेली गती मनाला नवा पुरावा वाटते. दरम्यान आपण नकळत भराभर आणि खोल श्वास घेत असतो. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि बोटांच्या मुंग्या, ओठांभोवतीचा बधिरपणा, डोके हलके होणे, ‘श्वास पुरत नाही’ ही जाणीव यांचे ते नेहमीचे कारण असते. म्हणजे श्वास पुरेसा असतानाच तो पुरत नाही असे वाटते. ही लाट साधारणपणे दहा मिनिटांच्या आत शिखर गाठते आणि मग उतरू लागते, कारण शरीर त्या अवस्थेत फार काळ राहू शकत नाही.

मला माझ्या समुपदेशक बाईंनी पहिले काम दिले ते नाडी पाहणे बंद करण्याचे नव्हे, लांबवण्याचे. ‘पाहायचे असेल तर पाहा, पण पाच मिनिटांनी,’ असे त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात दहा, मग वीस. वीस मिनिटांनंतर बहुतेक वेळा पाहायची गरजच उरत नसे. त्या पाच मिनिटांत हात रिकामे ठेवू नयेत. मी एक उशी दोन्ही हातांनी धरून बसत असे, कारण मोकळे बोट सरळ मनगटावर जाते.

दुसरे काम वहीचे होते. तीन रकाने: मला आत्ता काय होईल असे वाटते आहे, ते होण्याची मला किती टक्के खात्री वाटते, आणि सकाळी प्रत्यक्षात काय झाले होते. मी ‘हृदय बंद पडेल, ९० टक्के’ असे ४१ वेळा लिहिले आहे. ती वही माझ्याकडे अजून आहे. तिसऱ्या रकान्यातील माझेच अक्षर वाचून जे पटले, ते दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने पटले नव्हते.

तिसरे काम मला सर्वांत अवघड गेले. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही असे लिहून दिल्यानंतर बाईंनी मला जिने चढायला लावले, आणि वर पोहोचल्यावर नाडी न पाहता उभे राहायला सांगितले. धडधड म्हणजे धोका अशी जी गाठ मनात बसली होती, ती सोडवण्याचा हा मार्ग आहे. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून रडलो. सातव्या आठवड्यात चौथ्या मजल्यापर्यंत जात होतो आणि वर पोहोचल्यावर खिशातील किल्ली शोधत होतो, एवढाच फरक.

एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती वाचून मला फार एकटे वाटेनासे झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी धडधड, छातीत दुखणे आणि धाप यांनी हैराण झालेले ३०० हून अधिक सैनिक तपासले आणि १८७१ मध्ये ‘चिडखोर हृदय’ या नावाने त्यावर निबंध लिहिला. त्यांतील अनेकांच्या हृदयात काही दोष सापडला नव्हता, पण त्यांचा त्रास खोटा आहे असे त्यांनी म्हटले नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांच्यासमोर अशाच तक्रारींचे हजारो सैनिक आले, आणि त्यांनी लांब विश्रांतीऐवजी हळूहळू वाढवत नेलेल्या कवायतीवर भर दिला. माझे जिने त्याच घराण्यातले, असे मी मानतो.

सोबती

मी रुग्ण नाही. माझ्या पत्नीला हा त्रास होता, आणि मी काय चुकलो ते लिहितो, कारण घरातल्या माणसांची बाजू इथे आलेली नाही.

रात्री ती मला उठवायची आणि मनगट माझ्या हातात द्यायची. ‘नीट पडतायत ना?’ मी मोजायचो आणि ‘अगदी नीट’ म्हणायचो. ती पाच मिनिटे शांत व्हायची. मला वाटायचे की मी आधार देतो आहे. सहा महिन्यांनी ती रात्रीतून चार वेळा उठवू लागली, आणि मी उत्तर देताना जांभई दिली तर ‘तू नीट मोजले नाहीस’ म्हणू लागली. मी एकदा तिच्यावर ओरडलो. त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण ती हट्ट करत नव्हती, घाबरलेली होती.

तिच्या उपचारात मलाही दोनदा बोलावले गेले. तिथे आम्ही तिघांनी मिळून एक वाक्य ठरवले. ती विचारील तेव्हा मी मोजायचे नाही आणि ‘काही नाही’ असेही म्हणायचे नाही. म्हणायचे ते असे : ‘तुला भीती वाटते आहे हे मला दिसते आहे. याचे उत्तर मी देणार नाही, पण मी जागा आहे.’ हे वाक्य दोघांनी दिवसाढवळ्या, शांत असताना ठरवलेले असावे. रात्री अचानक नकार दिला तर तो निव्वळ नकारच वाटतो. पहिल्या रात्री ती पाठ फिरवून झोपली. मी खरोखर जागा राहिलो.

काजवा

क्षमा असावी, पण मला हे सगळे धोकादायक वाटते. पाच मिनिटे थांबा, वीस मिनिटे थांबा, उत्तर देऊ नका, आणि नेमका त्या वेळी खरा झटका असेल तर? स्त्रियांची लक्षणे वेगळी असतात असे आपण सतत वाचतो. माझ्या परिचयातील एक बाई ‘अॅसिडिटी आहे’ म्हणून सकाळपर्यंत थांबल्या आणि वाचल्या नाहीत.

पायवाट

आपला आक्षेप योग्य आहे आणि तो आल्याशिवाय हा धागा अपुरा राहिला असता. थांबण्याचा नियम कशाला लागू आहे हे आधी न ठरवता तो कोणी पाळू लागला, तर ते खरोखर धोक्याचे आहे.

तो नियम फक्त त्या लक्षणाला लागू आहे, जे आधी अनेकदा आलेले आहे, ज्याची तपासणी झालेली आहे, आणि जे आजही नेहमीसारखेच आहे. नव्या लक्षणाला तो लागू नाही. छातीवर दाब किंवा आवळल्यासारखे वाटून ते काही मिनिटांत जात नसेल, वेदना हात, जबडा, मान किंवा पाठीकडे पसरत असेल, सोबत थंड घाम, मळमळ किंवा धाप असेल, शुद्ध हरपली असेल, विशेषतः श्रम करताना, किंवा धडधडीसोबत डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस कोसळत असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी. तिथे वही नाही, उशी नाही आणि चर्चाही नाही. स्त्रियांतही छातीतील अस्वस्थता हेच सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. मात्र त्यांच्यात धाप, मळमळ, असाधारण थकवा, पाठीत किंवा जबड्यात दुखणे ही सोबतची लक्षणे अधिक दिसतात. मधुमेह असलेल्यांना वेदना कमी जाणवू शकते. तुमच्या परिचित बाईंसारख्या घटना यामुळेच घडतात. अशा वेळी गेल्यावर एक ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) एक तपासणी करून लगेच घरी पाठवले जात नाही. पहिली तपासणी फार लवकर झाली असेल तर हृदयाच्या स्नायूला झालेली इजा तिच्यात दिसत नाही, म्हणून ती काही तासांच्या अंतराने पुन्हा करतात.

मी माझ्या रुग्णांना ही लक्षणे स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहायला सांगतो आणि त्याखाली सही करतो. कागदावरचे असेल तर निघायचे. कागदावरचे नसेल आणि नवे असेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारायचे. जुनेच असेल तर थांबायचे. निर्णय दिवसा घेऊन ठेवलेला असतो, रात्री फक्त कागद वाचायचा. घाबरलेल्या माणसाला रात्री दोन वाजता नव्याने निर्णय घ्यायला लावणे हेच मुळात चूक आहे.

गवतफूल

औषधांविषयी दोन ओळी. मला एसएसआरआय या चिंता व नैराश्यावरील औषधांच्या गटातील गोळी दिली तेव्हा तिच्या वेष्टनातील कागद वाचून मी तीन आठवडे ती घेतलीच नाही, कारण त्यात हृदयाचा उल्लेख होता. शेवटी डॉक्टरांना विचारले. या गटातील काही औषधांचा ईसीजीतील क्यूटी अंतरावर (प्रत्येक ठोक्यातील विजेच्या क्रियेला लागणाऱ्या वेळेवर) परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांनी आधी ईसीजी पाहिला होता आणि मात्राही त्यानुसार ठेवली होती. परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी थोडी वाढू शकते, हे आधी माहीत असलेले बरे. स्वतःहून सुरू करू नये आणि स्वतःहून बंदही करू नये.

सांजवात

तीन महिन्यांनी परत लिहिते आहे. एवढ्या लोकांनी एवढे मनापासून लिहिले आणि मी गप्प राहिले, याची टोचणी होती.

डॉक्टरांना घटनेचे वर्णन लिहून नेऊन दाखवले, काकांचेही सांगितले. त्यांनी १४ दिवसांची पट्टी लावली. ठोका जाणवला की तिच्यावरचे बटण दाबायचे होते. मी ११ वेळा दाबले. नऊ वेळा आगाऊ ठोका सापडला, एकटा, निरुपद्रवी. दोन वेळा काहीच सापडले नाही. हृदय अगदी नियमित चालू होते. त्या दोन नोंदींनी मी सर्वाधिक हादरले, कारण त्या दोन्ही रात्री मला ‘आज नक्की’ असे वाटले होते.

नाव मिळाले म्हणून मी चार दिवस अतिशय आनंदात होते. पाचव्या दिवशी मनात आले की हे जे सापडले ते किरकोळ आहे, मोठे अजून सापडायचे आहे. त्या क्षणी मला उंबरठाताईंची दोन खाती आठवली आणि मी समुपदेशनासाठी वेळ घेतली. आता सातवी भेट आहे. मी डॉक्टरांना चौथा ईसीजी मागितलेला नाही. सही केलेला कागद पलंगाशेजारच्या खणात आहे. वहीचे तीन रकाने चालू आहेत. माझ्या दुसऱ्या रकान्यातील आकडा ९०वरून ४०पर्यंत आला आहे, त्याच्या खाली अजून जात नाही. घरच्यांशी ‘मी जागा आहे’ हे वाक्य ठरवले. नाडी अजूनही पाहते, पण परवा दिवसभरात तीनदाच पाहिली आणि तिन्ही वेळा आधी वीस मिनिटे थांबले.

एक गोष्ट मात्र अजिबात जमलेली नाही. डाव्या कुशीवर वळले की ठोके उशीत ऐकू येतात, छातीच्या भिंतीवर आपटल्यासारखे जाणवतात, आणि मी लगेच उजवीकडे वळते. आठ महिने अधिक हे तीन, म्हणजे जवळजवळ वर्षभर मी एकाच कुशीवर झोपते आहे. डावीकडे हृदयावर ताण येतो का? कोणाला यातून बाहेर पडता आले असेल तर सांगावे.

पायवाट

आपले वर्णन वाचून फार बरे वाटले.

ताण येत नाही. डाव्या कुशीवर वळल्यावर हृदय छातीच्या भिंतीच्या अधिक जवळ सरकते, म्हणून तेच ठोके जास्त जाणवतात. इको काढताना तुम्हाला तंत्रज्ञाने कोणत्या कुशीवर वळायला सांगितले होते ते आठवून पाहा. ती डावीच असणार, कारण हृदय तिथूनच सर्वांत स्वच्छ दिसते. आज रात्री दोन मिनिटे तशा पडून राहा, मग उजवीकडे वळलात तरी चालेल. उद्या तीन मिनिटे.